संगणक मोडीत काढावा काय?

सांगलीहून एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. पत्र चांगलें चार पानी आहे. त्यांतला घरगुती मजकूर वगळला तर मुद्दा एवढाच कीं, त्यांच्या घरीं टेबलावरचा एक जुना संगणक आहे. यजमान बँकेंतून सेवानिवृत्त झालेले. त्यांचे वीस-बावीस वर्षांचे घरखर्चाचे हिशेब, भावकीच्या जमिनीचीं टिपणें आणि कुलवृत्तांताचें अर्धवट राहिलेलें हस्तलिखित (आतां हस्तलिखित तरी कसें म्हणावें!) हें सर्व त्याच यंत्राच्या पोटांत आहे. चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. दिवाळीला घरीं आले तेव्हां ते म्हणाले, "बाबा, हें धूड आतां मोडीत काढा. सगळें जग मोबाईलवर चालतें. तुमचे हिशेब मी एका ॲपमध्यें भरून देतों." यावर यजमान काय बोलले तें बाईंनीं लिहिलेलें नाहीं, पण बापलेकांत चार दिवस अबोला होता, हें मात्र लिहिलें आहे. "आपण या सदरांत यंत्रांविषयीं लिहितां, तरी या वादाचा निकाल आपणच लावावा," अशी त्यांची मागणी आहे.

पितापुत्रांच्या तंट्यांत तिऱ्हाइतानें तोंड घालूं नये हें आम्हांस कळतें. तथापि हा तंटा सांगलीच्या एका घरापुरता राहिलेला नाहीं. जेथें एक पिढी संगणकावर शिकली आणि दुसरी मोबाईलवर वाढली, तेथें तो थोड्याफार फरकानें चालूच आहे. शिवाय आमच्या नात्यागोत्यांत त्याचे दोन्ही परिणाम आम्हीं डोळ्यांनीं पाहिले असल्यामुळें, न्यायाधीश म्हणून नव्हे तरी साक्षीदार म्हणून बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

टेबलावरच्या संगणकावरील प्रोग्राम ही मुळांत विकत आणावयाची वस्तु होती. ती तबकडीवर मिळे. घरीं आणून यंत्रांत उतरवून घेतली कीं विकणाऱ्याचा व आपला संबंध बहुतेक संपला. पाट्याला जशी अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागे, तशी प्रोग्रामची सुधारलेली आवृत्ति दोन-चार वर्षांनीं निघे. पण ती घ्यावी कीं जुन्यावरच भागवावें हें घरधनी ठरवी. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघांनीं ॲपल कंपनीच्या यंत्रासाठीं 'व्हिजिकॅल्क' नांवाचा हिशेबाचा प्रोग्राम तयार केला. उभ्याआडव्या घरांचा एक तक्ता, आणि एका घरांतला आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे आपोआप बदलावयाचे, एवढीच त्याची करामत. आज शाळेंतल्या पोरासही तिचें नवल वाटणार नाहीं. परंतु रोजकीर्द व खतावणी यांचा मेळ बसेना म्हणून ज्यानें रात्री जागविल्या आहेत त्यालाच तिचें मोल कळेल. हा एक प्रोग्राम वापरतां यावा एवढ्यासाठीं लोकांनीं तें यंत्र विकत घेतलें. आपल्या देशांत तसेंच स्थान 'टॅली'नें मिळविलें. १९८६ पासूनची ती कथा आहे, आणि पत्रलेखिकेस कौतुक वाटावें अशी एक गोष्ट तींत आहे : व्यापारी वडील श्यामसुंदर गोएंका यांस आपल्या धंद्याला पुरेसा हिशेबाचा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनीं तो लिहिला. बापलेकांमध्यें संगणक आला म्हणजे दरवेळीं अबोलाच होतो असें नाहीं.

दुसरा प्रकार ब्राउझरांतला. यांत प्रोग्राम आपल्या घरीं मुक्कामास येतच नाहीं. संकेतस्थळ उघडतांच दूरच्या सर्व्हरवरून तो पडद्यापुरता येतो, काम करतो, आणि खिडकी मिटतांच निघून जातो; आपलें लिखाणही त्या दूरच्या यंत्रावरच राहतें. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल जाहीर केलें, तेव्हां एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार हें ऐकून पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. २००६ सालीं त्याच कंपनीनें 'रायटली' नांवाचा ब्राउझरांत चालणारा लेखनाचा प्रोग्राम विकत घेतला, आणि त्यांतून पुढें गूगल डॉक्स उभें राहिलें.

तिसरा प्रकार मोबाईलवरच्या ॲपचा. त्याची जन्मकथा मौजेची आहे. जून २००७ मध्यें आयफोन बाजारांत आला, त्या वेळीं बाहेरच्या कारागिरांनीं त्याच्यासाठीं ब्राउझरांत चालणारे प्रोग्राम लिहावेत, तेवढें पुरे, असें स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीरपणें सांगितलें होतें. चारच महिन्यांत त्यांनीं मत फिरविलें, आणि १० जुलै २००८ रोजीं सुमारें ५०० ॲपें मांडून ॲपलचें दुकान उघडलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अँड्रॉइडचेंही दुकान निघालें. म्हणजे ज्यांच्यावांचून आज आपलें पान हलत नाहीं, तीं ॲपें मालकाच्या मनांत प्रथम नव्हतींच! ॲप दिसावयास घरचें दिसतें, कारण तें आपल्या हातांतल्या यंत्रांत उतरलेलें असतें. पण त्याचा जीव बहुधा दूरच्या सर्व्हरांत असतो. गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण सातासमुद्रांपलीकडच्या पोपटांत असावा, तशांतला प्रकार.

जुन्या पुण्यांत वाड्यावाड्यांतून आड असत. नळ आले तसा रहाट ओढण्याचा त्रास गेला. आड निरुपयोगी ठरले, कोणी बुजविले, कोणीं त्यांवर फरशी घातली. त्यांत कोणाची चूक झाली असें आम्हांस म्हणवत नाहीं. आडांत मांजर पडे, उन्हाळ्यांत तळ दिसूं लागे, आणि घरांतल्या बायकांचे खांदे भरून येत तें निराळेंच. नळाचें पाणी गाळलेलें, दारांत येणारें. मात्र तोटी आपल्या घरांत असली तरी तलाव आपला नसतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचा बांध गेला, आणि पूर ओसरल्यावर पुण्याचे नळ कोरडे पडले, तेव्हां ज्या वाड्यांत आड शिल्लक होते त्यांच्या दारांशीं माणसें घागरी घेऊन उभीं राहिलीं. ब्राउझर व मोबाईल हे नळ, आणि टेबलावरचा संगणक हा आड, असें समजल्यास सांगलीचा वाद पुष्कळसा उलगडतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम हीं तिन्ही जगभर सुमारें सहा तास बंद पडलीं. आपल्याकडे रात्रीची वेळ होती म्हणून बरें. तरी 'आमचाच फोन बिघडला' असें समजून शेजाऱ्याची घंटा वाजविणारे आमच्या एका गल्लींत तिघे निघाले.

एवढ्यावरून आम्ही यजमानांच्या पक्षाचे आहों असें कोणी समजूं नये. नळाचे उपकार मोठे आहेत, आणि ते प्रामाणिकपणें मोजले पाहिजेत. कुलवृत्तांताचेंच उदाहरण घ्या. पूर्वीं एका चुलत्यानें लिहावें, टपालानें दुसऱ्याकडे पाठवावें, त्यानें तांबड्या शाईनें दुरुस्त करून परत धाडावें, आणि तिसऱ्यानें तीन वर्षें पत्राचें उत्तरच देऊं नये, असा क्रम असे. आतां एक भाऊ नागपुरास, एक ठाण्यास, एक न्यू जर्सीस, तरी सारे एकाच वेळीं एकाच पानावर लिहूं शकतात, आणि कोणीं कोठें काय बदललें याची नोंदही आपोआप राहते. टेबलावरच्या यंत्रास हें सहजीं जमत नव्हतें. घरांतल्या आजीबाईंनीं कधीं संगणकास हात लावला नव्हता. त्या आज मोबाईलपुढें मराठींत बोलून नातवाला चिठ्ठी लिहवितात. आणि यंत्र बंद पडलें, चोरीस गेलें, पुरांत बुडालें तरी दूर ठेवलेलें लिखाण शाबूत राहतें. सांगलीच्या लोकांस पुराची गोष्ट आम्हीं सांगावी असें नाहीं; २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी ज्यांच्या तळमजल्यांत शिरलें, त्यांना टेबलावरच्या यंत्राच्या अमरत्वाविषयीं भ्रम उरलेला नसेल.

आतां आमच्या साक्षी.

आमचे एक मामा वाईस शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनीं कुलवृत्तांताचें काम हातीं घेतलें. जुन्या कुलवृत्तांतांतून पुरुषांच्या वंशावळी सविस्तर असतात. घरांत आलेल्या सुनांचें माहेर मात्र एका शब्दांत उरकलेलें, आणि पुष्कळ ठिकाणीं तेंही नाहीं. मामांनीं नेमकें तेंच मनावर घेतलें. सहा वर्षें ते एस. टी. नें कोंकणांतलीं गांवें हिंडले, नव्वदी गांठलेल्या आत्याबायांपुढें वही घेऊन बसले, आणि अकराशेंवर सुनांचीं माहेरचीं नांवें, त्यांच्या आईवडिलांचीं नांवें, गांवें मिळविलीं. रात्रीं घरीं येऊन तें सर्व ते संगणकावर उतरवीत. वह्यांचा पुढें एका पावसाळ्यांत माळ्यावर लगदा झाला. सांगणाऱ्या आत्याबाई एकेक करून गेल्या. २००९ सालीं मामाही गेले.

त्यांचें यंत्र सुरू होईना. आंतली तबकडी काढून दुसऱ्या संगणकास जोडली, फाईल सांपडली, उघडली. आणि पाहतों तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें, डॉलर, टक्के व कंस यांची खिचडी! याचें कारण असें कीं, त्या काळीं मराठी मुद्रणाचे प्रोग्राम विकणारा जो तो आपापल्या मर्जीप्रमाणें मराठी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसवीत असे. एकाच्या टंकांतला 'क' दुसऱ्याच्या टंकांत उघडला कीं भलतेंच कांहीं दिसे. युनिकोड नांवाच्या जागतिक कोष्टकांत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ठरीव जागा होती, आणि विंडोज २००० पासून ती प्रत्यक्ष वापरतांही येऊं लागली. परंतु आमच्या मुद्रणधंद्यानें ती फार उशिरां मानली. ब्राउझर व मोबाईल यांनींच ती घरोघर रुजविली, हें श्रेय नळाला दिलेंच पाहिजे. मामा बिचारे आडाच्या काळांतले. ज्यांनीं तो प्रोग्राम विकला त्यांचें दुकान केव्हांच उठलें होतें.

परंतु फाईल आमच्या हातांत होती, आणि तबकडीवर तिच्या शेजारींच तो जुना टंकही होता. आमच्या भाच्यानें कोणत्या इंग्रजी अक्षराखालीं कोणतें मराठी अक्षर दडलें आहे याचें कोष्टक मांडलें, व तीन आठवडे खपून मामांचें लिखाण युनिकोडांत आणलें. चुका राहिल्या. जुन्या टंकांत रफार अक्षराच्या मागाहून लिहीत, त्यामुळें आमच्या घराण्यांतल्या साऱ्या दुर्गाबाई 'दुगार्बाई' होऊन बसल्या होत्या. मामींनीं चष्मा लावून एकेकीचा रफार जागेवर नेला. पुण्याच्या पेशवे दप्तरांतल्या मोडी कागदांची जी गोष्ट तीच ही. मोडी वाचणारे आज थोडे. पण कागद जागेवर आहेत म्हणून वाचणारा केव्हां ना केव्हां त्यांच्यापर्यंत पोंचतो.

दुसरी साक्ष आमच्या पुतणीची. ती घरखर्चाचा हिशेब एका ॲपमध्यें ठेवीत असे. ॲप देखणें होतें, सोयीचें होतें, आणि फुकट होतें. भाजी घेतली कीं दारांतच आंकडा भरावयाचा, महिनाअखेर रंगीत वर्तुळांत खर्चाच्या फांका दिसावयाच्या. त्यांतच टिपणांची जागा होती. तेथें ती बाळाचें वजन, लसींच्या तारखा, डॉक्टरांनीं बदललेलें औषध, पहिला दांत केव्हां आला, असें लिहीत असे. सहा वर्षें हें चाललें. मग ज्या कंपनीचें तें ॲप होतें ती दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली, आणि 'तीस दिवसांच्या आंत आपली माहिती उतरवून घ्यावी' असें पत्र ई-मेलनें आलें. तें पत्र जाहिरातींच्या ढिगांत गेलें. तीस दिवस झाले. एके सकाळीं ॲप उघडलें तर आजवरच्या सहवासाबद्दल आभार मानणारें एक पान तेवढें दिसलें. "हिशेबाचें जाऊं द्या हो काका," ती म्हणाली, "पण बाळाचें पहिलें वर्ष मी दुसऱ्या कोठेंच लिहिलें नव्हतें." येथें भाच्याच्या बुद्धीचा कांहीं उपयोग झाला नाहीं. कोष्टक मांडावयाचें तरी कशाचें? तिच्या हातांत फाईलच नव्हती.

या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे आमचें म्हणणें काय तें वाचकांच्या ध्यानांत येईल. संगणक कीं मोबाईल, हा बापलेकांनीं घातलेला वाद मुळांत चुकीच्या जागीं घातला आहे. वाद घालावयाचा तर आपलें लिहिलेलें कोणाच्या स्वाधीन आहे, यावर घालावा. मोठ्या कंपन्यांच्या बाबतींतही हेंच दिसून आलें आहे. गूगलचा 'रीडर' हा ब्राउझरांतला वाचनाचा प्रोग्राम १ जुलै २०१३ रोजीं बंद झाला, त्यासरशीं तो जगभर सर्वांचाच बंद झाला. त्याच कंपनीनें 'पिकासा' या टेबलावरच्या छायाचित्रांच्या प्रोग्रामाचा सांभाळ मार्च २०१६ मध्यें सोडला. पण ज्यांनीं तो आधींच उतरवून घेतला होता त्यांच्या घरीं तो पुढेंही चालत राहिला. मालक एकच, टाकून देणेंही सारखेंच. परिणाम मात्र निराळा.

ॲपाच्या बाबतींत मध्यें आणखी एक दुकानदार उभा असतो. १ मार्च २०२४ रोजीं शुल्काच्या तंट्यावरून गूगलनें आपल्या दुकानांतून कांहीं भारतीय कंपन्यांचीं ॲपें काढून टाकलीं. त्यांत लग्नें जुळविणाऱ्या प्रसिद्ध संस्थांचींही होतीं. सरकारनें लक्ष घातल्यावर तीं थोड्याच दिवसांत परत आलीं. तोंवर ऐन लग्नसराईंत कित्येक उपवरांच्या आयांचा जीव टांगणीस लागला असेल. त्या संस्थांचीं संकेतस्थळें ब्राउझरांत उघडत होतीं, कारण ब्राउझराच्या वाटेवर असला दुकानदार बसलेला नसतो. ब्राउझर व ॲप यांस आम्हीं वर एकाच नळाच्या सदरांत घातलें खरें, पण हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

तेव्हां यजमानांचा आड निर्धास्त, असें म्हणावें तर तेंही आतां खरें राहिलेलें नाहीं. मे २०१३ मध्यें ॲडोबी कंपनीनें जाहीर केलें कीं, फोटोशॉप वगैरे प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या यापुढें विकत मिळणार नाहींत. वर्गणी भरून वापराव्या लागतील. इतरांनींही तीच वाट धरली. म्हणजे आड आपल्या अंगणांत, पण रहाटाचें भाडें दरमहा. शिवाय या यंत्रांच्या दोऱ्याही आतां दूरवर बांधलेल्या असतात. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें धाडलेल्या एका सदोष फायलीमुळें सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें ठप्प झालीं, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. त्यांत टेबलावरचीं यंत्रेंही होतीं.

उलट बाजूनें, जें जड काम ब्राउझरास कधींच झेपणार नाहीं असें जाणते सांगत, तेंही तो करूं लागला आहे. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत 'वेबअसेंब्ली' नांवाची सोय आली. तिच्यायोगें सी++ सारख्या भाषेंत लिहिलेलें काम ब्राउझरांत जवळजवळ मूळच्या वेगानें चालतें. 'फिग्मा' हा रेखनाचा प्रोग्राम सर्वस्वीं ब्राउझरांत वाढला, आणि इतका वाढला कीं २०२२ सालीं खुद्द ॲडोबीनें त्याला २० अब्ज डॉलर देऊं केले. युरोपांतल्या व ब्रिटनमधल्या नियामकांच्या हरकतींमुळें तो सौदा पुढच्या वर्षाअखेर सोडून द्यावा लागला. दुसरीकडे संगणकावर रीतसर उतरवून घेतलेले कित्येक नवे प्रोग्राम आंतून ब्राउझरच असतात. २०१५ सालीं निघालेला 'व्हीएस कोड' हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा लाडका प्रोग्राम याच जातीचा आहे. वरून वाडा, आंतून सदनिका! आणखी कांहीं वर्षांनीं 'हें डेस्कटॉपचें कीं वेबचें' हा प्रश्न घरांतल्या माणसास पडणारच नाहीं, असें आमचें मत आहे. हिशेबाची पेढी, मुद्रणालय, चित्रपटाचें संकलन, वास्तुरेखन, जेथें जेथें मोठा पडदा, दोन हात व दिवसभराची बैठक लागते, तेथें टेबल राहील. खिशांतल्या यंत्रावर शंभर पानांची खतावणी तपासून पहावी म्हणजे आमच्या म्हणण्याची खात्री पटेल.

या सर्व प्रकारांत आम्हांस खरें आशादायक वाटतें तें एकच. २०१९ सालीं 'इंक अँड स्विच' या संशोधनगटाच्या मार्टिन क्लेपमन प्रभृति चौघांनीं एक निबंध लिहून 'लोकल-फर्स्ट' म्हणजे 'आधीं घरीं' अशी कल्पना मांडली. मूळ प्रत आपल्या यंत्रावर रहावी, इंटरनेट नसलें तरी काम अडूं नये, आणि तार जुळली कीं सगळ्यांच्या प्रती आपसांत मेळ घालून एक व्हाव्या. दूरच्या सर्व्हरनें धन्याचें नव्हे तर निरोप्याचें काम करावें. दोघांनीं एकाच ओळींत निरनिराळे बदल केले तरी सर्वांच्या प्रती अखेर एकसारख्या व्हाव्या, यासाठीं लागणारें गणितही तयार आहे. नळ हवा व आडही हवा असें म्हणणारांची ही बाजू. बाजारांत तिचा जोर अजून थोडा आहे, कारण ग्राहकाची फाईल आपल्या ताब्यांत असली म्हणजे ग्राहकही सुटत नाहीं, हें विकणाऱ्यांस पक्कें ठाऊक आहे. युरोपांत २५ मे २०१८ पासून आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यांत माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून घेण्याचा हक्क आला. उचलून नेण्याचा मात्र आला नाहीं. आमच्या पुतणीला हक्काचा उपयोग झाला असता तो नेमका त्याचाच.

आतां सांगलीच्या घरापुरतें. भगिनींनीं चिरंजीवांस सांगावें कीं यंत्र मोडीत गेलें तरी चालेल, पण त्याच्या आंतली तबकडी आधीं काढून घ्यावी. ती लहानशा डबीत घालून कोणत्याही संगणकास जोडतां येते. यजमानांस सांगावें कीं, त्या यंत्रावर विंडोज १० किंवा त्याहून जुनें कांहीं असल्यास त्याला इंटरनेट जोडून बँकेचे व्यवहार करूं नयेत. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नित्याचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला आहे. हिशेबाच्या फायली 'लिब्रेऑफिस' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांत उघडून पहाव्या. जुन्या घडणीच्या पुष्कळ फायली तो उघडतो, आणि त्या खुल्या, सर्वांस वाचतां येणाऱ्या घडणींत पुन्हा जतन करतां येतात. पुढचे हिशेब ॲपमध्यें ठेवावयाचे असल्यास खुशाल ठेवावे, भाजीवाल्यापुढें उभें राहून टेबलावरच्या संगणकाची आठवण काढण्यांत अर्थ नाहीं. मात्र ज्या ॲपांतून आपली माहिती एका साध्या तक्त्याच्या रूपानें बाहेर काढतां येते तेंच निवडावें, आणि दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात त्या दिवशीं वर्षाचा तक्ता उतरवून तबकडीवर ठेवावा. हें काम चिरंजीवांनीं करावें. ते दिवाळीला घरीं येतातच.

कुलवृत्तांताचें काम मात्र एकट्यानें होणारें नाहीं. तो जुन्या टंकांत लिहिलेला असेल तर फाईल व टंक दोन्ही एकत्र उचलावे. युनिकोडांत आणण्याचें काम मुलानें करावें, आणि शुद्धलेखन वडिलांनीं पहावें, कारण कोणती नणंद कोणाची व कोणत्या गांवची हें मुलास कळणार नाहीं. दोघांनीं एका टेबलाशीं बसावें लागेल, त्यास आमचा इलाज नाहीं. झाल्यावर एक प्रत सर्व चुलतभावांसाठीं ब्राउझरांत ठेवावी, एक तबकडीवर, आणि एक चांगल्या कागदावर छापून ट्रंकेंत. छापण्यापूर्वीं वेलांट्या व रफार यजमानांकडून एकदां तपासून घ्यावे. दुर्गाबाई त्यांच्याही घराण्यांत चार-पांच तरी असतीलच.